न काढलेली मुळी

आये, तू जाऊन वीस वर्षं झाली आणि आत्ता कुठे मला तुझ्याशी नीट बोलावंसं वाटतंय. दवाखान्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या बाया आपापल्या आईला फोनवर 'तुम्ही जेवलात का' असं विचारतात. मला ते कधी जमलं नाही. तू आपली तूच. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दुसऱ्या पानावर तू म्हणाली असतीस, "पुरं कर बाय, तिकडं भात लागला." हो, करते पुरं, पण आधी ऐकून घे. मी तुझी एक गोष्ट आयुष्यभर चुकीची सांगत आले. चारचौघांत सांगितली, हसत हसत सांगितली. ती चूक मला तीन आठवड्यांपूर्वी कळली आणि तेव्हापासून माझं लक्ष ठिकाणावर नाही.

आपली चूल मला अजून जशीच्या तशी दिसते. सायवनच्या पुढे डोंगराला लागून आपला पाडा, वर नाचणी, खाली भात. चुलीच्या उजव्या हाताला पाटा-वरवंटा, आणि सकाळी दारात कोणी ना कोणी बसलेलंच. कोणाच्या नाकातून रक्त येतंय, कोणा बाळंतिणीचं अंगावरून जाणं थांबत नाही, कोणाला खोकल्यातून लाल पडतंय. तू दूर्वा निवडतेस, दोन पाण्यांतून धुतेस, वाटतेस, फडक्यातून पिळतेस, आणि तो हिरवागार रस पितळेच्या वाटीत घालून वर खडीसाखर टाकतेस. अडुळशाची पानं निखाऱ्यावर शेकून त्यांचा रस काढायचा, तो मधातून. उंबराच्या मुळातून झिरपलेलं पाणी बाटलीत धरून ठेवायचं. लाजाळूचा पाला बारीक वाटून दुधातून. मी बाजूला बसून फडक्याचं दुसरं टोक धरायची आणि माझी बोटं हिरवी झाली की शाळेत गुरुजी विचारायचे, गवत खाऊन आलीस काय. पण हे सगळं पाड्यातल्या कोणत्याही बाईला ठाऊक होतं. माणसं चालत तुझ्याकडे यायची ती या वाट्यांसाठी नाही, मुळीसाठी. कशानेच रक्त थांबलं नाही की मग ती मुळी.

मुळीचे नियम कडक. दिवस टेकला की मूठभर तांदूळ आणि चिमूटभर हळद पदराच्या टोकाला बांधून तू निघायचीस. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. झाडापाशी तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, उद्या पहाटे येते, अमक्याच्या जिवासाठी तुला न्यायला. मग मागे वळून न बघता घरी. यालाच आवतण देणं म्हणायचे, लग्नाचं देतात तसंच. दुसऱ्या दिवशी कावळा बोलायच्या आत जायचं, लोखंड लावायचं नाही, लाकडाच्या काठीने उकरायचं, आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. ज्या हाताने आवतण दिलं त्याच हाताने मुळी काढायची. मी एकदा गुपचूप तुझ्या मागे आले होते, बांधापर्यंत. तुला बोलता येत नव्हतं, म्हणून तू खडा उचलून मारलास तो बरोबर माझ्या पोटरीवर बसला. घरी आल्यावर जे तोंड उघडलंस ते अर्धा तास मिटलं नाही. "झाडाचं नाव काय बाजारात वाटायचं असतं? कळतं का गं भवाने?" ते नाव एकीने एकीलाच सांगायचं. तुला तुझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. मी न्हातीधुती झाले की तू मला सांगणार होतीस. त्या दिवसाची मी किती वाट बघत होते ते तुला कधी बोलले नाही.

आणि मग मी पाचवीत असताना माझ्याच नाकातून रक्त यायला लागलं. त्याच्या आधी आठ-दहा दिवस ताप येऊन गेला होता. भात पोटरीला आलेला, घरात सगळ्यांना काम, आणि मी उंबरठ्यावर नाक धरून बसलेले. "मान वर करू नको, खाली कर, गिळशील," तू आतून ओरडतेस. दूर्वा दिल्यास, थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. अडुळसा दिलास, अर्धा दिवस बरं. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताने डागाळलेली माझी गोधडी तू घडी करून बाजूला ठेवलीस. आणि संध्याकाळी पदराला तांदूळ बांधून निघून गेलीस. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू. आता मुळी माझ्यासाठी येणार, माझं नाव घेऊन तू झाडाला बोलावणार. रक्त येतंय याचं मला काही वाटत नव्हतं.

तू परत आलीस तेव्हा दिवेलागण झाली होती. माझे पाय चिखलाचे होते, म्हणून तू गरम पाणी घेऊन धुवायला बसलीस आणि दिवा जवळ ओढलास. दोन्ही नडग्यांवर लाल ठिपके होते, मोहरीहूनही बारीक. मी म्हटलं, डास चावले. तू एका ठिपक्यावर अंगठा दाबलास, उचललास, बघितलंस. पुन्हा दाबलास. मग उठून खोबरेल तेलाची रिकामी बाटली आणलीस, तिचा काचेचा तळ माझ्या नडगीवर टेकवलास आणि वरून आत डोकावून बघत राहिलीस. मला गुदगुल्या झाल्या, मी हसले. तू नाही हसलीस. मला तेवढंच आठवत होतं, आये. बाटली, गुदगुल्या, आणि तू मावशीकडे जाऊन येते म्हणून बाहेर पडलीस ते. मावशी म्हणजे शेजारच्या घरातली, तुझी जिवाभावाची. पुढे वाणगावच्या बाजारात तुम्ही दोघी टोपल्या घेऊन शेजारी शेजारी बसायचात तीच.

पहाटे तू डोंगराकडे गेलीच नाहीस. मला पाठीशी लुगड्याने बांधलंस, अकरा वर्षांच्या घोडीला, आणि पहिली एस.टी. धरायला निघालीस. मला लाज वाटत होती. "उतरव ना, मी चालते," मी म्हणत होते. "पडशील," एवढंच तुझं उत्तर. डहाणूच्या दवाखान्यात माझं रक्त घेतलं, त्यातल्या पेशी मोजल्या, डॉक्टर धावतच आले. मला कॉटवरून खाली पाय टाकायची बंदी झाली. पांढऱ्या कडू गोळ्या सुरू झाल्या, माझं तोंड सुजून गोल झालं आणि शेजारच्या कॉटवरची बाई मला लाडू म्हणायला लागली. हळूहळू ठिपके पिवळे पडले, गेले. मी बरी झाले. घरी आलो, आणि त्यानंतर तू मुळी कोणालाही दिली नाहीस. माणसं दारात येऊन बसायची, हात जोडायची. तू म्हणायचीस, "माझ्याच्यानं नाय होत आता. डहाणूला जा." पाड्यात काय काय बोललं गेलं ते मी ऐकत होते. हिला मस्ती आली. हिच्या हाताचा गुण गेला. स्वतःची पोर सुईवाल्याकडे न्यायला लागली, ही काय आपल्याला देणार? दारातली गर्दी आटली. तू शेवळं, कर्टुली, दुधी घेऊन बाजाराला जायला लागलीस. मी न्हातीधुती झाले तेव्हा तू मला नवं परकर-पोलकं आणलंस. नाव सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, कारण तोवर माझं ठरून गेलं होतं की ते सगळं खोटं असतं.

मी लॅबमध्ये गेले ती त्या डहाणूच्या दवाखान्यामुळेच. रक्त काचेवर पसरून त्यात बघणारा तो माणूस मला देवासारखा वाटला होता. नोकरी लागली त्या पहिल्याच वर्षी तू एकदा बाजारातून थेट लॅबमध्ये आलीस, टोपली दाराबाहेर ठेवून. मी माझ्याच रक्ताची स्लाईड लावून तुला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. तू नको तो डोळा मिटलास. "काय नाय, नुसता अंधार हाय." मग दुसरा मिटलास तेव्हा दिसलं. मी सांगितलं, ते गुलाबी गोल आहेत ना, त्यांच्या मधेमधे जांभळे कण बघ, धुळीसारखे, ते रक्त धरून ठेवतात, माझे तेच कमी झाले होते. तू किती वेळ बघत होतीस. डोळा न काढताच म्हणालीस, "एवढुसं? एवढुशानं माणूस धरून ठेवलाय?" आणि त्या मायक्रोस्कोपला हात जोडलेस. लॅबमधले सगळे हसले. मला कसंतरी झालं, आणि त्या कसंतरी होण्यात मी मोठ्याने म्हटलं, "ही आमची आई आधी गावात मुळ्या द्यायची बरं का! पोटच्या पोरीवर वेळ आली तेव्हा अक्कल आली, तशी पळत डॉक्टरकडे आली. तेव्हापासून मुळ्या बंद." सगळे पुन्हा हसले. तूसुद्धा हसलीस. पदर तोंडाला लावून हसलीस, टोपली डोक्यावर घेतलीस आणि गेलीस.

तेव्हापासून ही गोष्ट माझी ठरलेली. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये, पाड्यापाड्यांवरच्या शिबिरात, कोणी पेशंट घरी न्यायचं म्हणालं की मी सुरू व्हायची, माझी आईच बघा. गोष्ट चालायची. माणसं ऐकायची. मी ती इतक्या वेळा सांगितली की त्यात तुला घाबरलेली, रडणारी, डॉक्टरच्या पाया पडणारीसुद्धा करून टाकलं. तू कुठे रडली होतीस?

आता तीन आठवड्यांपूर्वीचं सांगते. मी हल्ली तलासरीला आहे. दुपारी मावशी लॅबच्या बाकड्यावर येऊन बसली, काठी टेकत, पार वाळून गेलेली. सोबत तिची सून आणि सुनेची नऊ वर्षांची मुलगी. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून आशाताईने पाठवलेली. सुनेच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीत गडद हिरवा रस. पपईच्या पाल्याचा. पेशी कमी म्हटलं की हल्ली शहरातले शिकलेलेसुद्धा तो पाजतात. मी मुलीचं रक्त घेतलं, मशीनला लावलं. मशीनने आकडा दिला, पण त्याच्यापुढे खूण करून दिला, म्हणजे माझा भरवसा धरू नको. इतक्या कमी पेशी असल्या की मशीन गडबडतं. मी स्लाईड केली, रंगवली आणि बघायला बसले. जिथे एका नजरेत दहा-पंधरा कण दिसायला हवेत तिथे एखादा. पुढे सरकवलं, एकही नाही. पुढे, एक. ती पोर बाहेर बाकड्यावर पाय हलवत बसली होती आणि तिच्या नडग्यांवर लाल ठिपके होते.

डॉक्टरांनी लगेच सिल्वासाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, गाडीसुद्धा लावली. सून काही उठेना. म्हणाली, "मॅडम, उद्या नेतो ना. काल सांजचं आवतण दिलंय. शेजारच्या पाड्यावरचा भगत हाय, त्याची रीत एक दिस मधे सोडायची, उद्या पहाटे मुळी आणल. तेव्हा पोर चुलीपुढं पायजे. नसली तर झाड फुकट उठलं म्हणायचं, मग तो आमच्या घराला परत कधी देणार नाय." माझं डोकंच फिरलं. तुला माझा आवाज माहीत आहे. म्हटलं, "झाडाचं काय घेऊन बसलीस? उद्यापर्यंत हिच्या डोक्यात रक्त सांडलं तर ते झाड येणार आहे का निस्तरायला? अगं, माझी आईच बघ..." आणि मी सुरू झाले. मुळ्या द्यायची, पोरीवर वेळ आली, अक्कल आली.

"गप," मावशी म्हणाली. हळूच म्हणाली, पण मी गप्प झाले. "तुझ्या आयेला अक्कल नव्हती आली. अक्कल तिला आधीपासनं होती. तुझ्या आयेनं आवतण मोडलं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुझ्या नावानं आवतण देऊन आली होती ती. पाय धुताना ठिपके बघितलन. तशीच माझ्याकडं आली. दारातच उभी. म्हणाली, पोरीचं रक्त कातडीखाली सांडतंय, दाबून जात नाय. माझ्या आयेनं सांगून ठेवलंय, बाहेर येतं ते रक्त आपलं, आत सांडतं ते आपलं नाय, त्याला मुळी द्यायची नाय. मी म्हटलं, मग आवतणाचं काय? म्हणाली, तेच इचारायला आले. मी म्हटलं, काढ नि दे, सगळा पाडा बघतोय. तर म्हणाली, जिथं लागत नाय तिथं दिली तर पोर हातची जायची. नि नाय काढली तर बोलवून ठेवलेला पाहुणा दारात तसाच उभा. तो परत या हाताला येणार नाय." मावशीने आपला हात पुढे धरून दाखवला, जणू तो तुझाच होता. "मग म्हणाली, हात जाऊ दे. पोर रायली पायजे. नि घरी गेली, तुला बांधायला लुगडं काढायला."

लॅबमध्ये मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलं तिने? मावशी म्हणाली, "काय सांगणार? तुझ्यापायी माझा हात गेला म्हणून? तुला खायला उठलं असतं ते. नि नाव पण नाय सांगता आलं तिला. गेलेल्या हातानं नाव दिलं तर घेणारीला लागू होत नाय. तिच्या आयेकडनं आलेलं तिच्यापाशीच संपलं. एकदा लाकडाला गेलो होतो आम्ही, तर लांबनंच डोंगराकडं हात जोडलन. मी म्हटलं, जवळ जा की. म्हणाली, कुठल्या तोंडानं?" मग ती सुनेकडे वळली, काठी आपटली. "ऊठ. झाड रुसलं तर रुसू दे. भगताला मी सांगते, झाडाच्या पाया पण मी पडते. माझे मेलीचे पाच दिवस रायलेत, माझ्यावर रुसून त्याला काय मिळायचं?"

सून मुलीच्या पायांकडे बघत होती. तिने वाकून एका ठिपक्यावर बोट दाबलं. उचललं. पुन्हा दाबलं. मग उठली. दारात थांबून मला विचारलं, "रसाची बाटली नेऊ संगती?" आधीची मी असते तर ती बाटली हिसकावून बेसिनमध्ये ओतली असती. मी म्हटलं, "ने. पण डॉक्टरला दाखव, तो नको म्हणाला तर देऊ नको. लपवून पाजू नको." तिने मान हलवली. गाडी गेल्यावर मी तीच स्लाईड पुन्हा लावून उगाच बघत बसले.

आये, मला शिकताना दुसऱ्या वर्षी सरांनी एक गोष्ट दाखवली होती. अंगावर लाल ठिपका असला की त्यावर काचेची पट्टी दाबायची. रंग गेला तर रक्त नळीतच आहे, नाही गेला तर नळीच्या बाहेर सांडलंय. सरांनी ते इतक्या थाटात सांगितलं की आम्ही सगळ्यांनी वहीत चौकट आखून लिहून घेतलं. मी लिहून घेतलं, आये, मी! खोबरेलाची बाटली माझ्या नडगीवर टेकून गेलेली असताना! आणि मला आठवलीसुद्धा नाही. तुझ्या आईच्या आईकडे तर बाटलीही नसेल, नुसता अंगठा. बाहेरचं आपलं, आतलं आपलं नाही, हे एक वाक्य तयार व्हायला किती पोरं डोळ्यांसमोर गेली असतील? किती बायांनी मुळी देऊन बघितली असेल, गुण आला नाही म्हणून रडल्या असतील, आणि मग कोणीतरी एकीने पुढच्या सगळ्यांसाठी ते सांगून ठेवलं असेल? मला तुझ्या औषधापेक्षा जास्त नवल याचं वाटतं की औषध कुठे संपतं तेही तुमच्याकडे सांगून ठेवलेलं होतं. आमच्याकडे हे सांगायला मोठमोठी पुस्तकं लागतात आणि तरी आम्ही विसरतो. हे मनात आलं की मी हातातलं काम टाकून नुसती बसते.

आणखी एक सांगायचं आहे, तेच सांगताना हात अडतोय. लहान मुलांचा हा आजार बहुतेक वेळा आपोआप जातो. काही आठवड्यांत पेशी आपल्या आपण वाढतात, गोळी दिली तरी आणि पुष्कळदा नाही दिली तरी. थोड्याच मुलांच्या डोक्यात रक्त सांडतं आणि ती जातात. ती थोडी कोणती, हे आधी कळत नाही, माझ्या मशीनलाही कळत नाही. म्हणजे असं बघ, तू पहाटे जाऊन मुळी काढली असतीस, मला चुलीपुढे बसवून दिली असतीस, तर बहुधा मी तशीही बरी झाले असते. पाड्याने तुला डोक्यावर घेतलं असतं. तुझा हात राहिला असता, मला नाव मिळालं असतं, मी आज ते माझ्या मुलीला सांगितलं असतं. तुला फक्त आवतण पाळायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. आणि तू ते सगळं सोडलंस, कारण 'बहुधा' तुला पुरेसं नव्हतं. मी असते तर सोडलं असतं का? मी हा प्रश्न रोज स्वतःला विचारते आणि रोज उत्तर द्यायचं टाळते.

त्या मुळीत खरंच काही होतं का, हेही आता कळायला मार्ग नाही. मी रक्त तपासून पोट भरते, आणि नेमकं तेच मला कधी तपासता येणार नाही, कारण ते तू माझ्यासाठी टाकून दिलंस. आणि वर मी तुला अक्कल आली म्हणून हसले. लोकांपुढे. तू पदर लावून माझ्याबरोबर हसलीस. अगं, एक कानफटात तरी द्यायची होतीस. खडा मारणारी बाई तू, तेव्हा कुठे गेला होता तुझा खडा?

मावशीची नात परवा येऊन गेली. तोंड गोल झालंय गोळ्यांनी. पेशी वाढल्यात, अजून पुऱ्या नाहीत, पण स्लाईडवर जिकडे बघावं तिकडे ते जांभळे कण दिसायला लागलेत. मावशी पण आली होती. भगत काय म्हणाला ते मी विचारलं. म्हणाली, "काय म्हणणार? तोंड फुगवून बसलाय." तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. तिनेही आधी नको तोच डोळा मिटला. मुलगी विचारत होती, शाळेत खो-खो खेळू का. मी म्हटलं, इतक्यात नाही.

माझी ती जुनी गोष्ट आता बंद. परवाच आशाताईंचं ट्रेनिंग होतं, मी खरी सांगायला उभी राहिले. बाटलीपर्यंत आले आणि गोष्ट तिथेच सोडली. पाणी पिऊन खाली बसले.

काल रविवार होता. घरी सांगितलं, मावशीला भेटायला जाते, आणि संध्याकाळी एकटीच डोंगराला गेले, रुमालात मूठभर तांदूळ बांधून. कुठलं झाड ते मला ठाऊक नाही. मावशीलाही नाही, तिने फक्त तू कुठे उभी राहून हात जोडलेस ती जागा परवा खुणेने सांगितली होती. तिथे उभं राहिलं की समोर सगळा उतार झाडांनी भरलेला, त्यातलं कोणतं तुझं? मग मी तांदूळ तिथेच, उताराच्या तोंडाशी ठेवले. आवतण नाही दिलं, तो हक्क माझा नाही. नुसतं सांगितलं, त्या पहाटे ती आली नाही ती माझ्यापायी, तिच्यावर राग धरू नका. माझा आवाज मलाच विचित्र वाटला. लॅबमधल्या कोणी बघितलं असतं तर मेले असते लाजेने.

हे पत्र मी रिपोर्टच्या जुन्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूला लिहिलंय. कुठे धाडणार? स्लाईडच्या रिकाम्या खोक्यात राहील, खणात मागच्या बाजूला. एवढंच कबूल करायचं राहिलं. तांदूळ ठेवले की मागे वळून बघायचं नसतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. खडा खाऊन शिकलेली आहे मी. तरी दहा पावलं गेल्यावर मी वळले, आये. तू येऊन उभी आहेस का, ते बघितलं.